नाव घेऊन मारलेली हाक

सुंदरा माझं नाव घेत नसे. आमच्याकडे कोणतीच बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. पण सुंदराचं जरा जास्तच होतं. माझं नाव पुनाजी, म्हणून ती पुनव हा शब्दही तोंडातून काढत नसे, पुरा चांद म्हणायची. शिरगणतीचा मास्तर आमच्या दारात आला तेव्हा त्यानं तिला नवऱ्याचं नाव विचारलं.

"पुऱ्या चांदाच्या रातीले तुमी काय म्हणता, गुरुजी?"

"पौर्णिमा."

"मंग तेच लिवा."

तिचा धाकटा भाऊ कवडू तिथंच बसला होता. बहिणीला तो बाई म्हणायचा आणि मला, बहिणीच्या नवऱ्याला, भाटवे. "अवं बाई, भाटव्याले पौर्णिमाबाई करतं का आता?" तो म्हणाला. मास्तरही हसला. शेवटी नाव कवडूनंच सांगितलं.

आमचं गाव सेलूच्या पुढं, बोर नदीच्या जंगलाला लागून. त्या जंगलात मी लहानाचा मोठा झालो. पण लढाईहून परत आलो तो त्याच जंगलात भीतभीत जाऊ लागलो.

लढाईत मी ब्रह्मदेशात होतो. तिथं बांबू इतका दाट की पुढचा माणूस दिसत नसे. जपानी आमच्या खंदकाजवळ येऊन पडून राहत. आम्ही एकमेकांना मारलेल्या हाका ते ऐकत आणि नावं पाठ करत. मग झाडीतून हाक येई, "चिंधू, ओ चिंधू, इधर आ भाई, गोली लगी है." चिंधू आमच्याच भागातला होता. तो गेला. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला सापडला. कसा सापडला ते लिहीत नाही. जमादारानं ताकीद दिली की नाव घेऊन सख्ख्या बापानं बोलावलं तरी जागचं हलायचं नाही.

पुढं एका सकाळी माझ्या नावानं हाक आली. आमच्या तुकडीतला प्रेमदास गस्तीवर गेला होता, आवाज त्याच्यासारखा होता. "पुनाजी, पाणी दे रे," म्हणत होता. जमादार पंजाबकडचा, त्याला भाषा कळत नव्हती. मला कळत होती. मराठी शिकलेला जपानी असेल, असं मी मनाला सांगितलं आणि बंदूक धरून बसून राहिलो. दुपारी हाका थांबल्या. नंतर आम्ही पुढं गेलो तेव्हा बांबूच्या बेटामागं प्रेमदास पडला होता. खांद्यातून गोळी गेली होती, रक्त जाऊन मेला होता. पट्टी माझ्या खिशात होती.

घरी आल्यावरही जंगलात गेलो की कधीकधी ती हाक ऐकू यायची. "पुनाजी." मी थांबायचो, ती बंद होईपर्यंत हलायचो नाही. एकदा कवडूनं मागून खरंच हाक मारली तर मी पालापाचोळ्यात पालथा पडलो. तो आधी हसला. मग माझं तोंड बघून जवळ आला.

"काऊन पडले जी असे, भाटवे?"

मी त्याला काही सांगितलं नाही. सुंदराला मात्र सगळं सांगितलं, चिंधूचं आणि प्रेमदासचं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यातली लाकडी घंटा काढून आणली, गाईच्या गळ्यात बांधतात ती.

"जंगलात मले तुमचं काम पडलं तं मी हे वाजवीन," ती म्हणाली. "मी तं नाव घेतच नाई. म्हून कोनी नाव घेऊन बलावलं तं समजून घ्या, ते मी नाई. बसून राहा."

हे तिनंच ठरवलं होतं. पुष्कळ वर्षं आमचं तसंच चाललं. घंटा वाजली की मी जायचो. हाक आली की बसून राहायचो. घंटेमुळं मला जंगलात थोडी झोपसुद्धा लागू लागली होती.

मागच्या चैत्रात आम्ही मोहफुलं वेचायला गेलो. मोह पहाटे गळतो, म्हणून उजाडायच्या आत निघावं लागतं. मी नाल्याच्या अलीकडच्या झाडाखाली, सुंदरा पलीकडच्या. कवडू आणखी पुढं होता. टोपली भरत आली तेव्हा ऊन पडलं होतं. नाल्याच्या बाजूनं डुकरं पळाल्याचा आवाज आला. मोहाच्या दिवसांत डुकरं रोजच येतात, रोजच पळतात.

मग हाक आली.

"पुनाजी."

आवाज बारीक होता. मी हातातली फुलं टोपलीत टाकली आणि झाडाला पाठ लावून बसलो. पुन्हा आली, "पुनाजी, ओ पुनाजी." मी घंटेसाठी कान देऊन बसलो. घंटा वाजत नाही म्हणजे सुंदरा ठीक आहे, असं वाटलं. उलट तिला ही हाक ऐकू येत नाही हे बरंच आहे, असंही मनात आलं. तिसऱ्यांदा आली ती फार हळू होती. नंतर काही आलं नाही. मला हायसं वाटलं.

ऊन तापलं. कवडू डोक्यावर टोपली घेऊन आला.

"बाई कुठं हाये?"

"पल्याड. वेचून राह्यली असंल."

"झाडाखाली नाई. टोपली हाये तिची, घंटा हाये. मले वाटलं तुमच्यापाशी आली."

आम्ही नाल्यात उतरलो. ती पाणी प्यायला खाली आली होती, घंटा टोपलीजवळ ठेवून. डुकरानं मांडी फाडली होती. वाळू काळी झाली होती, अंग गार पडलं होतं. तिनं लुगड्याचा पदर फाडून मांडीवर गाठ मारली होती. ती गाठ मी तिला एकदा दाखवली होती, पण तिला ती नीट जमली नव्हती. मला जमते. पलटणीत शिकलो होतो.

कवडू वाळूत बसला.

"मले आवाज आल्ता, भाटवे. बाई तुमचं नाव घेऊन राह्यली होती. मी म्हनलं, तुमी तं जवळच हाये." त्यानं मूठभर वाळू उचलली. "मी हासलो. म्हनलं, आज बाईनं नाव घेतलं."

मी त्याला दोष दिला नाही. त्यानंही मला दिला नाही. निदान तोंडानं दिला नाही.

तिनं माझं नाव जन्मात त्या एका सकाळीच घेतलं. माझं आयुष्य कमी होईल असं तिला खरंच वाटत होतं, तरी घेतलं. आणि मी आहे तसाच आहे.

आता पुन्हा मोह गळतो आहे. यंदा कवडू म्हणाला, घरी राहा. मी ऐकलं नाही. त्याच झाडाखाली बसलो. कमरेला आता फडक्याची पट्टी असते, ती मी कुठंच ठेवून येत नाही. ऊन पडायच्या सुमाराला नाल्याकडून हाक आली. "पुनाजी." मी कवडूकडं पाहिलं. तो खाली वाकून वेचत होता, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. आवाज बाईचा की पुरुषाचा, ते मी आता पाहत नाही.

"ओ," म्हणालो आणि उठलो.

"भाटवे, कोनाले ओ देऊन राह्यले?" कवडूनं विचारलं. "भाटवे, थांबा. तिकडं कोनी नाई."

हाक पुन्हा आली, या वेळी आणखी आतून, नाल्यापलीकडच्या बांबूतून. मी कमरेची पट्टी सोडून हातात घेतली आणि नाल्यात उतरलो.