शिक्का आधी, सह्या नंतर

मी एक जुनं पॅड आहे. मुलं परीक्षेला नेतात तसलंच, वर लोखंडी चिमटा असलेलं. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मलाही सांगताना बरं वाटत नाही.

लाकडाचा भुसा दाबून मला एका कारखान्यात बनवलं, आणि मी अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या एका लहानशा गावात शाळेच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलो. आज किती मुलं जेवणार, ते माझ्यावर लिहिलं जाई. लिहिणारी होती वर्ना होलेचेक, शाळेची स्वयंपाकीण. गुरुवारी ती चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा झणझणीत रस्सा, आणि दालचिनीचे रोल करायची, तेव्हा गावातली आजारी मुलंसुद्धा शाळेत हजर असत. एकतीस वर्षांनी ती निवृत्त झाली. शाळेने तिला एक पितळी फलक दिला. मला तिने स्वतःच पिशवीत घातलं, कुणाला न विचारता. चोरीच म्हणा हवं तर! त्यानंतर चार वर्षं मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्याखाली पडून होतो. कोणी विचारलं नाही.

मग वर्नाचा नवरा एमिल विसरायला लागला. आधी चाव्या, मग रस्ता, मग माणसं. गावातल्या वृद्धाश्रमात त्याला ठेवावं लागलं. वर्ना दिवसातून दोनदा जाऊन त्याला भरवायची. दुसऱ्या कोणाच्या हातचं तो खात नसे. तोंड घट्ट मिटून बसे. आणि त्याच हिवाळ्यात बातमी आली, की सरकारी मदत पुरत नाही म्हणून असले लहान गावांतले वृद्धाश्रम एकेक करून बंद होणार. एमिलला ओमाहा शहराच्या बाजूला नेणार, दोनशे मैल लांब.

"तिकडे त्याला भरवणार कोण?" वर्ना स्वयंपाकघरात एकटीच ओरडली. "माझं भूत?"

आमच्या राज्यात आमदार हलले नाहीत, तर लोक स्वतः एखादा कायदा मतपत्रिकेवर आणू शकतात. पण त्याआधी सह्या लागतात. राज्यभर तर लागतातच, शिवाय त्र्याण्णवपैकी निदान अडतीस काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, प्रत्येकी ठरावीक संख्येने लागतात. लहान गावांचे वृद्धाश्रम वाचवण्याचा असाच एक प्रस्ताव निघाला होता. आमच्या काउंटीची जबाबदारी वर्नाने अंगावर घेतली आणि मला रंगाच्या डब्याखालून बाहेर काढलं. मित्रांनो, त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

काम सोपं नव्हतं. प्रत्येकाला प्रस्तावाचा मजकूर वाचून दाखवायचा, मग त्याने वर्नाच्या डोळ्यांसमोर सही करायची आणि पुढे तारीख घालायची. पान भरलं, की मागच्या बाजूला वर्नाने शपथेवर लिहून द्यायचं, की या सगळ्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. ती शपथ नोटरीसमोर घ्यायची, आणि त्याने शिक्का मारायचा. आधी सह्या, मग शपथ, मग शिक्का. साधा हिशेब.

आमच्या गावचा नोटरी म्हणजे ड्वेन तेसार, बँकेतला कॅशियर. बँक तीनला बंद. वर्नाची पानं भरायची ती संध्याकाळी, चर्चच्या हॉलमध्ये शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असे तेव्हा. आणि दिवसा तिला एमिलला भरवायचं असे. तिची धावपळ बघून ड्वेन कळवळला.

"अगं, कशाला सारखी खेपा घालतेस?" तो म्हणाला. "कोरी पानं आण इकडे. मागे आत्ताच सही कर, मी शिक्के मारून ठेवतो."

"चालतं का रे असं?"

"तू काय खोट्या सह्या करणार आहेस? तुझ्या हातचे रोल खाऊन वाढलोय मी, वर्ना! तुझ्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कोणावर?"

वर्ना हसली. पाच कोऱ्या पानांच्या पाठी सही करून तिने ती पुढे सरकवली. धाड, धाड, धाड, शिक्के बसले. सहा एप्रिल. शिक्के मारलेली पानं माझ्या चिमट्यात परत आली. मला तोंड असतं तर... जाऊ दे.

त्यातलं पहिलं पान घेऊन ती एमिलकडे गेली. नियम म्हणजे नियम. नवऱ्यालाही तिने सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. एमिल शांतपणे ऐकत होता.

"हे बंद करायला निघालेत?" त्याने विचारलं. "कोण आहेत ते शहाणे?"

"म्हणून तर सही हवी, एमिल."

"आण ते पेन."

मित्रांनो, वर्षभरात त्याने स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. त्याने मला मांडीवर घेतलं, जीभ दातांत धरली आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं दाबून लिहिलं. एमिल होलेचेक. इतकं दाबून, की पानाखाली माझ्या अंगावरही वळ उठला. मग त्याने वर पाहिलं. "छान लिहिलं ना, वर्ना?" त्याला तिचं नाव आठवलं होतं. ती गाडीत बसून अर्धा तास रडली.

मे अखेरीस, स्मृतिदिनाला, लोक फुलं घेऊन दफनभूमीत आले, तिथे तिने उरलेली पानं भरली. आमच्या काउंटीला हव्या होत्या त्याहून तेवीस सह्या जास्त झाल्या. आणि राज्यात बरोबर अडतीस काउंट्या भरल्या. अडतिसावी आमची! ड्वेनने बँकेत सगळ्यांना कॉफी पाजली.

ऑगस्टमध्ये प्रस्तावाच्या विरोधकांनी खटला भरला. त्यांचा वकील आवाजसुद्धा चढवत नव्हता.

"मिसेस होलेचेक, शिक्क्यावर सहा एप्रिल आहे. सह्यांपुढे थेट एकोणतीस मेपर्यंतच्या तारखा. तुम्ही शपथ घेतलीत, तेव्हा या पानांवर किती सह्या होत्या?"

"एकही नव्हती," वर्ना म्हणाली. "पण नंतरची प्रत्येक सही माझ्यासमोर झाली आहे. एकूण एक माणूस मी ओळखते. त्यांना जेवायला वाढलंय मी!"

"त्याबद्दल मला शंका नाही," वकील म्हणाला आणि खाली बसला.

शपथ सह्यांच्या आधीची, म्हणून पाचही पानं बाद झाली, आणि त्यांवर तेवीसहून कितीतरी जास्त सह्या होत्या. आमची काउंटी गेली, म्हणून अडतीसच्या सदतीस झाल्या, म्हणून सगळ्या राज्याचा प्रस्ताव गेला. एकही सही खोटी निघाली नव्हती. दुसऱ्या एका प्रस्तावासाठी भाड्याने आणलेल्या लोकांनी दुकानांबाहेर सह्या गोळा केल्या होत्या. त्यांना मजकूर धड माहीत नव्हता, पण शिक्के मात्र चोख होते. तो प्रस्ताव मतपत्रिकेवर आला. ड्वेनचा शिक्का काढून घेतला गेला. तो वर्नाला रस्त्यात दिसला, की मान खाली घालून दुसऱ्या बाजूला जाई.

सप्टेंबरमध्ये वृद्धाश्रमाला कुलूप लागलं. नोव्हेंबरात वर्ना मत द्यायला गेली. मतपत्रिका उलटी करून तिने मागची बाजूही पाहिली, आणि घरी आल्यावर भिंतीकडे बघून म्हणाली, "निदान विचारायचं तरी! नाही म्हणाले असते तर नाही." लोक हो म्हणाले असते की नाही, ते आता कोणालाच कळणार नाही.

आठवड्यातून एकदा ती दोनशे मैल गाडी चालवायची. उरलेले सहा दिवस एमिल तोंड मिटून बसायचा. जानेवारीत तो गेला.

आता मी तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर असतो. माझ्यावर कागद नसतो. मित्रांनो, माझी धूळ झटका, मला जपा, असलं मी काही सांगणार नाही. मला जपून काय होणार आहे? तुमच्यासाठी कोणी उन्हातान्हात उभं राहून सह्या गोळा करत असेल, तर त्याच्या कागदाची मागची बाजू बघा. आणि तुमच्यावर माया असलेला माणूस कोऱ्या पानावर शिक्का मारायला निघाला, तर त्याचा हात धरा. त्याला राग आला तर येऊ द्या.

रोज सकाळी वर्ना मला उजेडात तिरकं धरते आणि त्या वळावरून बोट फिरवते. कोर्टाने ती सही बाद केली. माझ्या अंगावर ती अजून वाचता येते.