‘महत्त्वाचं’ नावाचा फोल्डर

“आता बोला की! कुठे ठेवलंत ते?” बाई नवऱ्यावर ओरडल्या आणि लगेच स्वतःवरच चिडल्या. नवऱ्याला बोलता आलं असतं तर शोधायची वेळ तरी कशाला आली असती?

घशाच्या ऑपरेशनमध्ये नवऱ्याचा आवाज गेला, त्याला आठ महिने झाले. ऑपरेशनच्या आधी इस्पितळातल्या मॅडमनी दोनशे वाक्यांची यादी दिली होती. ‘पाणी दे’, ‘बरं वाटत नाही’, ‘कोण आलंय?’ असली रोजची वाक्यं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवा, पुढे यंत्रात भरू, बटण दाबलं की तुमच्याच आवाजात ऐकू येतील, असं त्या म्हणाल्या होत्या. यंत्र उद्या मिळायचं होतं आणि रेकॉर्डिंगचा पत्ता नव्हता.

नवऱ्याने पाटीवर फोल्डरचं नाव लिहिलं, ‘गॅसची जुनी बिलं.’

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलं या माणसाने, पण एका खणावर खरं नाव लिहिलं नाही. खिळ्यांच्या खणात बिजागऱ्या, बिजागऱ्यांच्या खणात कड्या. का, तर नोकरांनी काही लांबवू नये! दुकान विकलं, खोड काही गेली नाही.

“घरात कोण चोर होतं हो? मी?”

नवऱ्याने पाटीवरच्या नावावर पुन्हा बोट ठेवलं.

मग माउसवरचा बाईंचा हात थबकला. गेल्या महिन्यात कॉम्प्युटर फारच रखडत होता, म्हणून त्यांनीच साफसफाई काढली होती. गॅसची जुनी बिलं कुणाला हवीत? टाकली पुसून. वर रिसायकल बिनही रिकामा केला, कारण अर्धवट काम त्यांना खपत नसे.

“मीच पुसली!” त्या आणखी जोरात ओरडल्या. “माझ्या हातून करवलंत तुम्ही हे!”

रागारागाने त्या दिसेल तो फोल्डर उघडत सुटल्या. ‘लाइट बिल’मध्ये नातीचे फोटो. ‘फोटो’त डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. उरला एकच, ‘महत्त्वाचं’. नवऱ्याने मान हलवली आणि लिहिलं, ‘कचरा.’

बाईंनी तरीही उघडला. आत सतरा रेकॉर्डिंगं होती, सगळी फसलेली.

“पाणी दे,” नवऱ्याचा आवाज आला, आणि मागून बाईंचाच, “अहो, ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला?”

दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. एक वाक्य धड नाही, प्रत्येकात बाईंचं तोंड मध्ये. बाईंना स्वतःचा असा संताप आला की कॉम्प्युटर उचलून खिडकीबाहेर फेकावा. शेवटच्यात नवरा हसत होता.

“अगं, दोन मिनिटं दम धर की. उद्यापासून तुझंच तर ऐकायचंय मला.”

बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज खाली येईना.

“एवढंच उरलंय! आता यात पाणी तरी मागता येणारेय का तुम्हाला? रात्री दुखलंखुपलं तर काय सांगाल, कपाळ?”

नवऱ्याने पुढे वाकून तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.

“अगं, दोन मिनिटं दम धर की.”

आठ महिन्यांत पहिल्यांदाच बाईंना कुणी उलट उत्तर दिलं होतं.