सावळीरामचा डावा डोळा

“आशाताई, पडदा फुगलाय हो! ह्यावर सलाइन कोणी टाकलं?” फोनवर संशोधन प्रयोगशाळेतले शेखर सर वैतागले होते.

“टाकलं असेल मीच,” आशा म्हणाली आणि स्वतःवरच चरफडली.

नेत्रपेढीत तिला सव्वीस वर्षं झाली होती. रोपणाचा डोळा कोरडा पडता कामा नये, म्हणून डोळा दिसला की हात आपोआप सलाइनच्या बाटलीकडे जायचा. पण सरांना डोळा रोपणासाठी नकोच होता. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यातून क्ष-किरण सोडून आतले कोलॅजनचे धागे कसे रचलेत, त्यांच्यात किती अंतर आहे, ते सर मोजायचे. पडदा पाणी प्यायला की धागे लांब सरकायचे आणि सगळं मोजमाप फुकट. दोनदा सांगून झालं होतं. डोक्याला पटलंही होतं; हाताला कोण समजावणार?

“उजवा गेला. आता डावा तरी नीट पाठवा, दुपारी गाडी येईल,” म्हणत सरांनी फोन ठेवला.

बाहेर बाकावर भागीबाई बसल्या होत्या. हे डोळे त्यांच्या नवऱ्याचे, गेल्या महिन्यात वारलेल्या सावळीरामचे; तेव्हापासून गोठवून ठेवलेले. सातपूरच्या कारखान्यात लेथवर जन्म काढलेला माणूस. कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला की रुमालाचं टोक पिळून अलगद काढून द्यायचा. त्याच्या डोळ्यातले कण मात्र इतरांनी कसेही ओरबाडून काढले. त्या व्रणांमुळे डोळे रोपणाला चालले नाहीत, आणि त्या व्रणांसाठीच ते सरांना हवे होते.

“ताई, कोणाला दिसतंय का मग त्यांच्या डोळ्यानं?” भागीबाईंचा महिन्याभरातला हा चौथा फेरा.

आशाचा तोल सुटला. “नाही हो मावशी! किती वेळा सांगू? पडदा व्रण का धरतो, ते बघायला नेतात. त्यातला एक डोळा तर माझ्याच हातानं वाया गेला!”

बोलून गेली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आन् दुसरा?” भागीबाईंनी विचारलं.

आशा आत गेली, सलाइनची बाटली घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. “ही धरून बसा. मी मागितली तरी द्यायची नाही.”

आत तिनं डाव्या डोळ्याचा पडदा कापून काढला आणि पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळायला घेतला. कडेला जरासा कोरडा वाटला. हात शेल्फकडे गेला आणि रिकामाच परतला. तिला राहवेना. तिनं दार उघडलं.

“मावशी, दोन थेंब द्या बरं. दोनच.”

भागीबाईंनी बाटली पदराखाली घेतली.

“नाय,” त्या म्हणाल्या. “जा आत.”