चुकीच्या मनगटावर

मित्रांनो, मी मनगटावर बांधायचा एक जुना पट्टा आहे. मला घड्याळ म्हणाल तर याद राखा! घड्याळ नुसती वेळ सांगते. मी माणसाचा श्वास, नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतो. काही बिघडले की बोंब मारतो. गप्प बसणे माझ्या घडणीतच नाही.

कारखान्यात माझी कसून परीक्षा झाली आणि मी एका सुतारमिस्त्रींच्या घरी आलो. जन्मभर लाकडाचा भुसा नाकातोंडात गेल्याने त्यांची फुप्फुसे कायमची अधू झाली होती. परगावी राहणारी त्यांची लेक माझे आकडे आपल्या फोनवर पाही. "ऑक्सिजन उतरला, तर रंध्याला हात लावायचा नाही," अशी तिची सक्त ताकीद होती.

ऑक्सिजन उतरलाच. मी बोंबललो. मिस्त्रींनी काय करावे? मला सोडून सरळ बायकोच्या हातात बांधले!

"अगं, घाल तू. लेकीला काय कळतंय?"

"अहो, पण तुमच्या छातीचं काय?"

"एवढं कपाट होऊ दे, मग घालतो."

बाईंची छाती ठणठणीत. लेक खूश झाली. "बाबा, पट्टा गुणाचा निघाला हं!" असली शाबासकी घालायची आहे चुलीत! मला खोट्या साक्षीला उभे केले होते आणि पलीकडच्या खोलीत मिस्त्री धापा टाकत रंधा मारत होते. माझा नुसता संताप होत होता.

एका दुपारी रंध्याचा आवाज थांबला. बाई धावल्या. मिस्त्री भुशात बसले होते, ओठ निळे पडले होते. भीतीने बाईंची नाडी उसळली आणि मी संधी साधली. घर दणाणून सोडले! लगेच लेकीचा फोन आला.

"आई, बाबांना काय झालं? नाडी केवढी धावतेय!"

"ती माझी आहे गं," बाई रडत म्हणाल्या. "पट्टा माझ्या हातात आहे. यांना श्वास घेता येईना!"

लेकीने तिथूनच रुग्णवाहिका पाठवली. मिस्त्री वाचले.

आता माझी काच ओरखडली आहे, पण मी पुन्हा मिस्त्रींच्याच हातात आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला पुसा, चार्ज करा, हव्या तेवढ्या शिव्या घाला. पण ज्याचा श्वास मोजायचा, त्याच्याच मनगटावर बांधा.

मी ओरडलो की मिस्त्री अजून खेकसतात, "गप रे मेल्या!" खेकसू देत. खेकसायलाही छातीत श्वास लागतो.