गाठी मारलेल्या वायरी

वहिनीचा फोन आला तेव्हा ताईच्या मनात एकच आलं, गाव सोडून जातानासुद्धा हा माझा भाऊ सुखाने जात नाही.

"गाडी चालूच होत नाहीये हो," वहिनी रडकुंडीला आली होती. "सामान भरून झालंय. संध्याकाळी पाचपर्यंत हे तिकडे हजर झाले नाहीत, तर शाळा दुसरा शिपाई घेणार. मेकॅनिक म्हणतो दोन दिवस लागतील."

"मग नवऱ्याला सांगा की. पंधरा वर्षं माझ्यासोबत वायरिंगच केलंय ना त्याने?"

"दुकान सुटल्यापासून ते वायरीला हातच लावत नाहीत."

ताईने फोन आपटला आणि पेटी उचलली. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान ती एकटी चालवायची. गल्ली तिला तोंडावर ताई म्हणायची आणि पाठीमागे तोफ. ती दादासाठी निघाली नव्हती. तो एकदाचा या गावातून जावा आणि रस्त्यात समोर आल्यावर मान वळवायची कटकट संपावी, यासाठी निघाली होती.

तीन वर्षांपूर्वी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या व्हॅनचं वायरिंग जळालं होतं. दोघांचा ठराव बापाच्या वेळेपासूनचा होता: लाल वायर करंटची, हिरवी गाडीच्या बॉडीला जोडायची. मागच्या बाजूने दादा जोडायचा, पुढून ताई. त्या दिवशी दादाने उलटं जोडलं. ताईने बटण दाबलं आणि डॅशबोर्डमधून भसाभस धूर आला. भर गल्लीत ती ओरडली होती, "दारू ढोसून कामाला येतोस, लाज नाही वाटत?" दुकानाची किल्ली तिने त्याच्या हातातून हिसकावून घेतली. दादा एक शब्द बोलला नाही. तो गप्प राहिला म्हणजे खरंच असणार, असं गल्लीनेही धरलं आणि तिनेही. त्यानंतर त्याला कुठल्याच गॅरेजने उभं केलं नाही.

गाडी दारातच उभी होती, टपावर गादी बांधलेली. शेजारीपाजारी निरोप द्यायला जमले होते. दादा पायरीवर बसला होता. ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"वहिनी, त्यांना सांगा, चावी फिरवा."

दादाने चावी फिरवली. दिवे लख्ख लागले, स्टार्टरने मात्र हूं की चूं केलं नाही. मेकॅनिकने नवी बॅटरी घालून ठेवली होती. तो शहाणा न मोजता सुटा भाग बदलणाऱ्यांतला, आणि असल्या लोकांचा ताईला मनस्वी तिटकारा. तिने मीटर लावला. बॅटरी ठणठणीत. मग स्टार्टरला बॅटरीतून थेट करंट देऊन बघितला, तर तो गरकन फिरला. म्हणजे स्टार्टरही बरा. चावीपासून स्टार्टरपर्यंत मधेच कुठेतरी वायर तुटली होती.

तिने स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं आणि तिचं टाळकंच सरकलं. आतल्या सगळ्या वायरी काळ्या. एकूण एक. प्रत्येकीच्या टोकाला गाठी, कुठे एक, कुठे दोन, कुठे चार. दादाची ही जुनीच खोड. दुकानात त्याने मारलेल्या गाठी दिसल्या की ती पक्कड घेऊन कचाकच कापून टाकायची. व्हॅनमधल्याही तिनेच कापल्या होत्या.

"हा काय तमाशा आहे?" तीन वर्षांत ती पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलली. "सगळ्या काळ्या?"

"घरात एकच रीळ होतं," दादा म्हणाला. "चावीची दोन गाठींची. लोखंडाच्या कडेला घासत असेल, बघ."

तिथेच तुटली होती. त्याने न बघता सांगितलं होतं.

"पेटीतली लाल वायर दे."

दादा पेटीवर वाकला. आत दोनच वेटोळी होती, एक लाल, एक हिरवं. त्याचा हात दोन्हींवर घुटमळला. मग त्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने एका वेटोळ्याला बोट लावलं, जेवताना मीठ सरकवावं इतक्या सवयीने.

ताईचा हात थांबला.

"दुकानातल्या दांडीवर डावीकडून पहिलं रीळ कुठलं?"

"लाल."

"दुसरं?"

"हिरवं. मीच तर लावली होती तशी."

व्हॅन जळाली त्याच आठवड्यात ताईने दांडी काढून रंगवली होती आणि रिळं हाताला येतील तशी परत अडकवली होती. दादाला सांगायचं तिच्या गावीही नव्हतं. रिळं तिने हलवली, गाठी तिने कापल्या आणि वर दारुडा तोच ठरला.

"सांगितलं का नाहीस?" ती किंचाळली. "तोंड शिवलं होतं तुझं?"

"बाबांनी बजावलं होतं, कुणाला कळू द्यायचं नाही. रंग दिसत नाहीत त्याच्याकडून वायरिंग कोण करून घेईल?" दादा हळूच म्हणाला. "तू दारू म्हणालीस, मला बरंच वाटलं. दारू सुटते गं."

तिला बापाचा राग आला, दादाचा आला, आणि स्वतःचा तर इतका आला की वायर सोलताना बोट कापलं. तिने नवी लाल वायर जोडली आणि तिच्या टोकाला घट्ट दोन गाठी मारल्या. मग बाहेर येऊन ती जमलेल्या सगळ्यांवर कडाडली, "ऐकून घ्या! हा दारू पीत नाही! कधीच पीत नव्हता! व्हॅन माझ्यामुळे जळाली!"

"हळू बोल," दादा म्हणाला. "लोकांना वाटेल, आता तूच घेतलीयस."

कुणीतरी हसलं. ताईला हसू आलं नाही. "सामान उतरव," ती म्हणाली. "उद्यापासून दुकानात ये."

"शाळेला शब्द दिलाय." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. "आणि तिथे घंटा वाजवायची असते. घंटेला रंग नसतो."

तो गाडीत बसला. वहिनी डोळे पुसत शेजारी बसली. चावी फिरवल्याबरोबर गाडी चालू झाली, पहिल्याच फटक्यात. एवढ्या वर्षांत आपलं काम चोख झाल्याचा ताईला कधी राग आला नव्हता, तो आज आला.