दुसऱ्याच्या बेलला उठणारा पाय

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले, तरी प्रेमाताईंचे कान अजून नोकरीतच होते. चौतीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेली. आता मुलुंडच्या हॉस्पिटलात स्वतः पेशंट असतानाही शेजारच्या खाटेची बेल वाजली आणि त्यांनी चक्क पाय खाली टाकला.

"आजी, झोपा!" श्रुतिका सिस्टर दारातूनच ओरडली. "तुम्ही पडलात तर मी घरी बसेन!"

बेल शेजारच्या शेवंतीची होती. मासे विकून कमावलेला तिचा आवाज. "गो पोरी, सकालपासून पानी मागतेय!"

"दोनच हात आहेत ना मला, मावशी!" म्हणत श्रुतिका पाणी न देताच पुढच्या बेलकडे पळाली.

"दुपारी तो तक्रार-सूचनांचा फॉर्म येल ना, त्यात लिवतेच हिचं नाव," शेवंती फणकारली.

प्रेमाताईंना श्रुतिकाची काळजी वाटली. पोरगी कंत्राटावर होती. एक तक्रार आधीच झालेली. आणखी एक आली तर उद्यापासून येऊ नकोस, हे मोठ्या सिस्टरांनी सकाळी सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

"जोडीची सिस्टर कुठे गं तुझी?" श्रुतिका परत दिसताच त्यांनी विचारलं.

"आलीच नाही. माझ्याकडे अकरा पेशंटचे बावीस झालेत."

प्रेमाताईंना त्यांची पहिली वरिष्ठ सिस्टर आठवली. बेलमागे धावू नकोस, ती वाजायच्या आधी फेरी मार, असं शिकवणारी. पण बावीसजणांत बिचारी फेरी कधी मारणार?

"बायांनो, बेलवरचे हात काढा!" त्या पलंगावरूनच गरजल्या. "बोला, कोणाला काय हवं? शेवंती, पलीकडच्या कोपऱ्यात विचार. तुझा आवाज पोचतो."

शेवंतीने असं विचारलं, की बाजारच भरला जणू. प्रेमाताईंनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतलं: पाणी तिघींना, दुखण्याची गोळी एकीला, कूस बदलायची दोघींची. श्रुतिकाने कागद पाहिला आणि सहाही खाटांचं एका फेरीत उरकलं. मग सकाळपासून पहिल्यांदा स्टुलावर टेकून तिने गार झालेला चहा घेतला.

शेवंती श्रुतिकाच्या सुजलेल्या पावलांकडे बघत राहिली.

दुपारी फॉर्म आला. शेवंतीला लिहिता येत नव्हतं. "लिव गो प्रेमा," ती म्हणाली. प्रेमाताईंचं पेन अडलं.

"लिव ना! पोरगी चांगली हाय. तिला जोडीला आनखी एक द्या. आन सकालचं पानी लय उशिरा मिललं, त्ये बी लिव. खोटं कशाला?"

प्रेमाताई हसत लिहू लागल्या. इतक्यात पलीकडच्या खोलीत बेल वाजली. त्यांचा पाय हलला.

"ए आजी!" श्रुतिका आणि शेवंती एकदमच ओरडल्या.