आरशावरचा टिळा

तेलंगणातल्या उटनूरच्या एका कॉलेजच्या गच्चीवर एक यंत्र होतं. त्याचा सोन्याचा मुलामा दिलेला आरसा दिवसभर सूर्यामागे मान वळवायचा आणि ऊन पेटीत सोडायचा. हवेतला मिथेन, कार्बन मोनॉक्साइड उन्हातले कोणते अवरक्त किरण किती खातात, त्यावरून पेटी त्यांचं माप काढायची. आरशाला बोट लावायचं नाही, असं यंत्र सांभाळणाऱ्या हर्षालीनं शिपाई वामनरावांना शंभरदा बजावलं होतं. पण ऐकतील ते वामनराव कसले.

दसऱ्याला हर्षाली घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. तीन दिवस यंत्र वामनरावांच्या भरवशावर. परत येऊन पाहते तर आरशाच्या मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा.

"दसऱ्याले अवजारं पुजतो ना आमी," वामनराव म्हणाले. "हे बी अवजारच हाये."

उन्हाचा जोर आलेखावर खरोखरच उतरला होता. वर्षभर खंड न पडू दिलेल्या नोंदीत तीन दिवस वाया गेले, तर हैदराबादहून यंत्राचं काम बघणारे सर वामनरावांना घरी बसवणार, हे उघड होतं. त्यांना या कामावर घ्यावं म्हणून शब्द तर हर्षालीनंच टाकला होता. पाखरानं घाण केली असं सांगायचं, हे तिनं मनाशी ठरवलं. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे फोन लावण्याआधी तिनं ते वाक्य मनात दोनदा घोकलं.

ती "सर, पाखरानं" एवढंच बोलली, तोच वामनरावांनी स्पीकरवरचा फोन तिच्या हातातून घेतला.

"साहेब, पाखरू नाई. टिळा म्या लावला. म्याडम नागपूरले होत्या, त्यांचा काई कसूर नाई."

सर मूळचे नांदेडचे, त्यांना सगळं कळलं. त्यांनी फोन चालू ठेवूनच आकडे तपासले. मग म्हणाले, टिळ्यानं ऊन कमी झालं खरं, पण सगळ्याच किरणांचं जवळपास सारखं. वायूचं माप किरणांच्या आपसातल्या फरकावरून निघतं, ते बिघडलेलं नाही. तिन्ही दिवस शाबूत आहेत. आरसा घासू नका, दुसरा पाठवतो.

वामनरावांनी हळूच विचारलं, उद्यापासून येऊ का नको.

"या ना," सर म्हणाले. "स्वतःची चूक स्वतः सांगणारा माणूस मला इथं शोधून सापडत नाही."

हर्षाली पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसली. तिला रडू येत होतं आणि हसूही. वामनराव मात्र फोन दोन्ही हातांत धरून उभे होते. तो केव्हाच बंद झाला होता, तरी त्यांचं "जी साहेब, जी" चालूच होतं.